घरखाती ठेवलेल्या धान्याची नासाडी कशी टाळाल?



पेरणीपासून मळणीपर्यंत पिकाची काळजी घेण्यात आपण कसूर करीत नाही. मात्र हेच धान्य एकदा खळ्यावरून घरात आले आणि कोठीचे झाकण लागले, की त्याच्याकडे लक्ष जाते ते फक्त दळण काढताना. विक्रीच्या मालाला व्यापारी भाव पाडील या धाकाने आपण तो चाळतो, वाळवितो. घरखाती ठेवलेल्या मालाला भाव पाडणारा कोणी नसतो. त्यामुळे त्याची नासाडी हळूहळू होते आणि हिशेबात कोठेच दिसत नाही.

हा हिशेब एकदा करून पाहू. सहा माणसांचे कुटुंब घ्या. माणशी रोज सरासरी ४०० ग्रॅम धान्य धरले तर दिवसाला २.४ किलो आणि वर्षाला ८७६ किलो, म्हणजे जवळजवळ ९ क्विंटल धान्य लागते. त्यातले पाच टक्के कीड, उंदीर आणि बुरशीने गेले तर ४४ किलो गेले. म्हणजे सहा माणसांचे १८ दिवसांचे जेवण गेले. पाच टक्के हा आकडा काही फुगवून सांगितलेला नाही. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेची देशव्यापी पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार काढणीपासून साठवणीपर्यंतचे सर्व टप्पे मिळून तृणधान्यांचे ४.६५ ते ५.९९ टक्के आणि कडधान्यांचे ६.३६ ते ८.४१ टक्के नुकसान होते. त्यातला साठवणीचा भाग तरी आपल्या हातातला आहे, आणि त्यासाठी फारसा खर्चही येत नाही.

कीड येते कोठून?

‘धान्यात आपोआप किडे होतात’ असे अनेकजण म्हणतात. आपोआप काही होत नाही. कीड तीन वाटांनी येते. पहिली वाट शेतातून. तूर, मूग, चवळी यांच्या शेंगा पक्व होत असतानाच कडधान्यातील भुंगेरे शेतात येऊन शेंगांवर अंडी घालतात. मळणीनंतर स्वच्छ दिसणाऱ्या तुरीत अळी आधीच शिरलेली असते. दुसरी वाट जुन्या साठ्यातून. गेल्या वर्षीची दोन पायली ज्वारी कोठीच्या तळाशी राहिली आणि तिच्यावरच नवी ज्वारी ओतली, तर सोंड्यांची बियाणी आपणच पेरली असे समजावे. तिसरी वाट बारदानातून. रिकाम्या पोत्यांच्या शिवणीत, कणगीच्या फटीत आणि भिंतीच्या भेगांत भुंगेरे महिनोन्‌महिने दडून राहतात.

सोंड्याची मादी दाण्याला बारीक छिद्र पाडून आत अंडे घालते आणि छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. त्यामुळे मूठभर गहू हातात घेऊन दोन सोंडे दिसले, तर दाण्यांच्या पोटात कितीतरी जास्त आहेत हे ओळखावे. पिठातील तांबड्या भुंगेऱ्याचे उलटे आहे. त्याला अखंड दाणा सहसा फोडता येत नाही. तो फुटक्या दाण्यावर, कणीवर आणि धुळीवर जगतो. म्हणून कोठीत भरण्यापूर्वी धान्य चाळणे आणि पाखडणे हे किडीचे खाद्य काढून घेण्याचेच काम आहे.

या किडींची वाढ २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात आणि दमट हवेत सर्वांत जोमाने होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे महिने त्यांना अगदी सोयीचे. कडधान्यातील भुंगेऱ्याची एक पिढी या दिवसांत साधारण महिन्याभरात पूर्ण होते आणि एक मादी ८० च्या आसपास अंडी घालते. त्यांतून प्रत्येक वेळी फक्त दहा माद्या जगल्या असे धरले, तरी जूनमध्ये असलेल्या एका मादीच्या सप्टेंबरअखेर हजार होतात. मे महिन्यातल्या एका दिवसाच्या कामाची किंमत यावरून लक्षात यावी.

वाळवण : सर्वांत स्वस्त औषध

साठवणीच्या वेळी तृणधान्यात १० ते १२ टक्के, कडधान्यात ८ ते १० टक्के आणि भुईमुगासारख्या तेलबियांत ७ ते ८ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसावा. ओलावा मोजण्याचे यंत्र प्रत्येकाकडे नसते. घरच्या घरी करता येण्यासारखी मिठाची परीक्षा आहे. काचेची कोरडी बाटली घेऊन तीत तिसरा हिस्सा धान्य आणि दोन-तीन चमचे कोरडे मीठ टाकावे. बूच लावून दोन मिनिटे हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ चिकटले नाही म्हणून लगेच कोठी भरू नये. ओलावा १५ च्या खाली आला एवढेच त्यावरून कळते. आणखी दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. दाताखाली दाणा दबला तर कच्चा, कट्‌कन आवाज होऊन फुटला तर वाळला, ही जुन्या माणसांची खूण अजूनही उपयोगी आहे.

धान्य जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर ३-४ सें.मी. जाडीच्या थरात पसरावे आणि दिवसातून तीन-चार वेळा पायाने किंवा दाताळ्याने हलवावे. सायंकाळी दव पडण्यापूर्वी आत घ्यावे, नाहीतर दिवसभर घालविलेला ओलावा रात्रीतून परत येतो. गरम धान्य मात्र तसेच पत्र्याच्या कोठीत भरू नये. आतील उष्णतेने कोठीच्या कडेला पाणी सुटते आणि तेथूनच बुरशी सुरू होते. धान्य घरात पसरून निवल्यावर भरावे. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नये. तो तडकतो आणि शिजविताना त्याची कणी होते. तांदूळ सावलीत, वाऱ्यावर पसरावा.

वाळविल्याने वजन घटते अशी काहींची तक्रार असते. १४ टक्के ओलाव्याचे १०० किलो धान्य १० टक्क्यांवर आणले, तर ते साधारण साडेपंच्याण्णव किलो भरते. गेले ते पाणी. ते कोठीत ठेवून आपण काही खाणार नव्हतो.

मूग आणि उडीद यांची काढणी ऐन पावसाच्या दिवसांत येते. त्यांना त्या वेळी पुरेसे ऊन मिळत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ती पुन्हा एकदा बाहेर काढून वाळविणे जरुरीचे आहे. याच एका गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते असा माझा अनुभव आहे.

कोठी, कणगी आणि पोती

पूर्वी पेव आणि कणगी होती. पेवात धान्य टिकत असे ते बंद हवेमुळे. आतील प्राणवायू धान्य आणि किडे वापरून टाकीत आणि मग किडीला जगणे अशक्य होई. पेव उघडल्यावर आत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची पद्धत त्यासाठीच होती. कंदील विझला तर माणसानेही उतरावयाचे नाही. आजची घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी किंवा आतून जाड प्लॅस्टिकचे अस्तर असलेली हवाबंद पिशवी हे तत्त्व तेच आहे. परंतु त्याचा फायदा दोन अटींवरच मिळतो. धान्य पूर्ण वाळलेले असावे आणि कोठी काठोकाठ भरून क्वचितच उघडावी. अर्धी रिकामी कोठी रोज उघडली, तर ती साध्या पोत्यापेक्षा फारशी बरी नाही.

म्हणून नऊ-दहा क्विंटलची एकच मोठी कोठी घेण्यापेक्षा दोन-तीन क्विंटलच्या वेगवेगळ्या कोठ्या घेणे चांगले. महिन्याचे दळण एका डब्यात काढून ठेवावे आणि मोठी कोठी महिन्यातून एकदाच उघडावी. भरताना जुने धान्य पूर्ण काढावे, कोठी झाडून पुसून दोन दिवस उन्हात उलटी ठेवावी. तळाच्या कडांना चिकटलेले पीठ खरवडून काढण्यास विसरू नये.

पोती वापरावयाची असल्यास जुनी बारदाने उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात खडखडीत वाळवावीत. पोती थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकून रचू नयेत. खाली लाकडी फळ्या ठेवाव्यात आणि भिंतीपासून दोन वीत तरी अंतर सोडावे. या मोकळ्या जागेत हात घालता येतो, झाडता येते आणि उंदराला लपावयास आडोसा राहत नाही. घरातला एक उंदीर दिवसाला १०-१५ ग्रॅम धान्य खातो, म्हणजे वर्षाला साडेतीन ते साडेपाच किलो. पण तो खातो त्यापेक्षा लेंड्या आणि मूत्राने जास्त खराब करतो.

कडुनिंबाच्या पाल्याविषयी विचारणा नेहमी होते. सावलीत वाळविलेला पाला धान्याच्या थरांमध्ये घातल्यास किडे दूर राहण्यास काही मदत होते. परंतु ओलसर धान्यात किंवा कीड आधीच शिरलेल्या धान्यात पाला काही करू शकत नाही. ओला पाला घातला तर उलट ओलावा वाढतो. पाला घाला, पण वाळवणाच्या बदल्यात नको.

कडधान्यांसाठी वेगळी काळजी

मुगाच्या दाण्यावर खसखशीपेक्षा लहान, पांढरा, चिकटलेला ठिपका दिसला तर ते भुंगेऱ्याचे अंडे होय. नंतर तेथे गोल छिद्र पडते. हा भुंगेरा सालासकट अख्ख्या दाण्यावर वाढतो. डाळीवर त्याचे फारसे चालत नाही. म्हणून तूर आणि हरभऱ्यातला घरी लागणारा हिस्सा पावसाळ्यापूर्वीच भरडून डाळ करून ठेवणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. आपल्या आज्या जाते आणि भरडणी उन्हाळ्यातच का काढीत असत, त्याचे एक कारण हे आहे.

जे कडधान्य अख्खे ठेवावयाचे आहे, त्याला खाद्यतेल किंवा एरंडेल चोळावे. प्रमाण एका किलोला ५ मि.लि., म्हणजे ५० किलोला पाव लिटर. परातीत थोडे थोडे धान्य घेऊन प्रत्येक दाण्याला हलका ओशट हात लागेल असे चोळावे. तेलाच्या पातळ थरामुळे अंड्याला हवा मिळत नाही आणि अळी जन्मतच नाही. शिजविण्यापूर्वी गरम पाण्याने धुतले की तेल निघून जाते.

बियाण्यासाठी ठेवावयाच्या कडधान्याला चाळलेली कोरडी राख मिसळून वर राखेचा २-३ सें.मी. थर द्यावा. एप्रिल-मे मध्ये काळ्या प्लॅस्टिकवर बियाण्याचा पातळ थर पसरून, वरून पारदर्शक प्लॅस्टिक झाकून आणि कडांना दगड ठेवून भर दुपारी काही तास ठेवले, तर आतले तापमान ५५ अंशांच्या वर जाते आणि दाण्यातील अंडी व अळ्याही मरतात. बियाणे आधी चांगले वाळलेले पाहिजे. ओलसर बियाण्याची उगवण या उष्णतेने बिघडते.

गोळ्या आणि पावडरी : येथे काटकसर नव्हे, जिवाचा प्रश्न आहे

या विषयावर थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. कीड दिसली की दुकानातून गोळी आणून कोठीत टाकण्याची सवय गावोगाव आहे. ही गोळी बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाईडची असते. हवेतील ओलाव्याशी संबंध आला की तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू मिळतो. तो किड्याला मारतो तसाच माणसालाही मारतो, आणि त्यावर उतारा असलेले औषध आजही नाही.

आपल्या घरांची रचना लक्षात घ्या. धान्याची खोली आणि झोपण्याची खोली बहुतेक एकच असते. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात. कोठीचे झाकण पूर्ण घट्ट बसत नाही. अशा खोलीत रात्री गोळी ठेवल्यामुळे एकाच कुटुंबातील मुले दगावल्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत. शेजारच्या खोलीतूनही हा वायू फटीतून येऊ शकतो. कुजक्या माशासारखा किंवा लसणासारखा वास येणे, मळमळ, उलटी, छातीत दडपण आणि धाप लागणे ही लक्षणे आहेत. असे काही झाल्यास सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे, वेळ न घालविता रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना गोळीचे नाव स्पष्ट सांगावे. अन्नातून विषबाधा झाली असे सांगून वेळ जातो. गोळ्यांवर पाणी टाकू नये, वायू आणखी जोराने निघतो.

केंद्र शासनाने २००१ साली या गोळ्यांच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर बंदी घातली. धुरीकरणाचे हे काम प्रशिक्षित आणि परवानाधारक व्यक्तींनी राहत्या घरापासून दूर असलेल्या गोदामातच करावयाचे आहे. माझे मत स्पष्ट आहे. ज्या घरात माणसे झोपतात त्या घरात ही गोळी एकही नको.

पूर्वी धान्यासाठी ई.डी.बी.च्या काचेच्या कुप्या मिळत. त्यांच्यावरही २००१ साली बंदी आली. बी.एच.सी. पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा पडला असेल तर तो धान्याजवळ ठेवू नये. तांदळाला बोरिक पावडर चोळणे आणि धान्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवणे हे प्रकारही बंद करावेत. पारा आणि बोरिक आम्ल दोन्ही शरीराला अपायकारक आहेत आणि दोन्हींची आपल्याला गरज नाही.

जे वाचवू नये ते

नासाडी टाळावयाची म्हणून प्रत्येक दाणा पोटात घालणे योग्य नाही. बुरशी लागलेला भुईमूग आणि मका यांच्याबाबत तर मुळीच नाही. त्यांवर वाढणारी पिवळसर-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर आघात करते आणि भाजून, शिजवून किंवा ऊन देऊन नाहीसे होत नाही. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा या भागांत पावसात भिजून बुरशी लागलेला मका खाल्ल्यामुळे शंभरावर माणसे काविळीने दगावली. ती गरीब आदिवासी कुटुंबे होती. दुसरे धान्य घरात नव्हते म्हणून त्यांनी तो मका खाल्ला.

भुईमूग शेंगांच्या स्वरूपातच ठेवावा आणि लागतील तसे दाणे फोडावेत. सुरकुतलेले, काळपट, कडवट आणि बुरशीचे दाणे निवडून बाजूला काढावेत. हे दाणे कुटाला किंवा तेलाला वापरू नयेत आणि जनावरांनाही घालू नयेत. दुभत्या जनावराने खाल्ले तर विषाचा अंश दुधात उतरतो. ते पुरून टाकावेत.

पीठ आणि शिजविलेले अन्न

दळण आठ-दहा दिवसांपुरतेच करावे. बाजरीच्या पिठाचे आयुष्य तर चार-पाच दिवसांचेच असते. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्यामुळे पीठ लवकर खवट आणि कडू होते, आणि मग भाकरी मुले खात नाहीत. बाजरी चांगली होती, दळण मोठे झाले एवढेच कारण असते.

घरात शिजविलेले अन्न किती उरते याकडे पुरुष मंडळींचे सहसा लक्ष नसते. शेतावर किती माणसे जेवणार हे सकाळी सांगितले तर भाकऱ्या मोजून होतात. उशिरा सांगितले तर घरातील बाई अंदाजाने जास्त करते. शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकणे किंवा ताकात घालणे या पद्धती चांगल्याच आहेत. भात मात्र उन्हाळ्याच्या दिवसांत दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये. त्यातील काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

लग्नसराईत उरलेला भात, पुऱ्या आणि गोड पदार्थ घमेले भरून जनावरांपुढे ठेवले जातात. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे. परंतु चाऱ्याची सवय असलेल्या गाई-म्हशीच्या पोटात एकदम इतके पिष्टमय अन्न गेले की त्याचे आम्ल होते. जनावर चारा सोडते, पोट डबडबते, पातळ शेण टाकते आणि खाली बसते. उपचार लवकर न मिळाल्यास मरते. घालावयाचेच असेल तर दोन-चार मुठी चाऱ्यात मिसळून घालावे, बाकीचे त्याच रात्री गावात वाटावे किंवा बायोगॅस आणि खतखड्ड्यात टाकावे. असे जनावर आजारी पडल्यास पशुवैद्यकांना त्वरित बोलवावे.

पावसाळ्यातील तपासणी

कोठी भरल्यानंतर जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी एक तपासणी करावी. उघडू नये म्हटलेल्या मोठ्या कोठीसाठी झाकणाजवळ हात लावून पाहणे आणि महिन्याचे धान्य काढताना बारकाईने पाहणे पुरेसे आहे. पोत्यांत मात्र कोपरापर्यंत हात घालावा. मधले धान्य बाहेरच्यापेक्षा गरम लागले तर तेथे कीड किंवा बुरशी वाढते आहे. मुठीत धान्य घेऊन वास घ्यावा. कोंदट वास आला तर ते पोते त्याच दिवशी वेगळे करावे.

श्रावणात कीड सापडली आणि ऊन नाही, अशा वेळी धान्य घराबाहेर अंगणात नेऊन चाळावे. चाळणीखाली पडलेले किडे दारातच फेकले तर संध्याकाळपर्यंत परत येतात. ते कोंबड्यांपुढे टाकावेत किंवा उकळत्या पाण्यात टाकावेत. चाळलेले गहू-ज्वारी आधी दळून संपवावी. मूग-मटकी तव्यावर मंद आचेवर परतून, निववून डब्यात भरावी. भाजलेले बियाणे उगवत नाही, म्हणून बियाण्याचा डबा आधी बाजूला काढून त्यावर चिठ्ठी लावावी. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी दोन-चार किलो कडधान्य बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवले तरी चालते. पाऊस उघडून भाद्रपदाचे पहिले कडक ऊन पडले, की त्या दिवशी दुसरे काम न काढता सर्व कडधान्य एकदा बाहेर काढावे.